मार्करची सही

मुलुंड (पूर्व),
१० डिसेंबर २०२४

चि. आकाश,
सप्रेम जय भीम.

तुझ्या चेतनाताईने तुला फोन केला, तर "एका शॉटने राहिलं" एवढंच सांगून तू फोन ठेवलास. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. मामाला बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असं तुला वाटत असेल. डॉक्टरांनी गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आवाज काढून घेतला, कान ठेवलेत. नऊ वर्षं झाली, अजून लोक माझ्याशी हातवारे करून बोलतात.

तर कागदावरच बोलू. मोबाइलवर मला जमत नाही, अंगठा एक दाबतो आणि उमटतं दुसरंच. आणि फोनवर तू नुसतं हो-हो करतोस. कागदावर तेवढं करायलासुद्धा पेन उचलावं लागतं.

वर्षाचं कार्ड भरायची वेळ झाली. दर वर्षी सांगावं लागतं म्हणून पुन्हा सांगतो. गोल्फ क्लबचं कोरं स्कोअर कार्ड घ्यायचं, अठरा रकाने. पहिल्या नवांत सरत्या वर्षी काय झालं, पुढच्या नवांत येत्या वर्षी काय करणार. एका रकान्यात एकच गोष्ट, आणि खरी. खाली आपली सही, शेजारी मार्करची. कोर्सवर आपला स्कोअर दुसरा खेळाडू लिहितो आणि त्याने सही केल्याशिवाय कार्ड धरत नाहीत, तसंच हे. तुझा मार्कर मी, माझा तू. तू क्लबात बॅगा उचलायला, कॅडी म्हणून लागलास तेव्हापासून हा नेम आहे. बारा वर्षांत एकदाही मोडलेला नाही, माझ्या ऑपरेशनच्या वर्षीसुद्धा नाही.

सहा तारखेला दादरला गेलो होतो. रांग मोठी होती, चेतनाने हात धरून नेलं. दर्शन झाल्यावर नेहमीप्रमाणे पुस्तकांचे स्टॉल. तुझ्यासाठी एका भन्तेजींचं पुस्तक घेतलंय, मन एका जागी कसं ठेवावं त्यावर. शंभरच पानं आहेत, घाबरू नकोस. आणि सोबत माझी जुनी वही पाठवतोय. गोल्फचे नियम इंग्रजीत, आणि बॅग उचलणाऱ्या आपल्या लोकांना इंग्रजी येत नाही, म्हणून सहा वर्षं बसून मी ते मराठीत उतरवले होते. कॅडींच्या शेडमध्ये ती वही हातोहात फिरायची. आता ती तुझ्याकडे राहू दे. वर्षाला चार पुस्तकं ठरली होती, किती वाचलीस तेही रकान्यात येऊ दे.

व्यावसायिक परवान्याच्या पात्रता फेरीत काय झालं ते नीट लिही. त्यात पास झाला असतास तर क्लबातल्या साहेबांच्या बॅगा सोडून स्वतःची बॅग घेऊन देशभर खेळला असतास. चार दिवसांत एक शॉट कुठे गेला, ते मला कळलं पाहिजे.

तुझा,
खंडूमामा

---

माहुल,
१७ डिसेंबर २०२४

मामा, जय भीम.

पार्सल मिळालं. उत्तराला उशीर झाला, डिसेंबरात साहेब लोकांच्या स्पर्धा चालू असतात, सकाळी साडेपाचला शेडमध्ये हजर. संध्याकाळी घरी आलो की रिफायनरीचा वास आणि आईची भुणभुण. "लग्नाचं बघ" हे आता सकाळच्या चहाबरोबरच येतं.

भन्तेजींचं पुस्तक शेडमधल्या बाकावर बसून वाचतो. बरोबरीचा कॅडी बाळा म्हणतो, काय रे, यूपीएससीला बसलास काय. पण चांगलं आहे, खरंच. एक पान वाचून डोळे मिटतो आणि श्वास मोजतो. वीसपर्यंत गेलो की कोणीतरी नंबर पुकारतं.

कार्ड सोबत जोडलंय. वर्षभरात तीन पुस्तकं झाली, चौथं हे धरा. खेळ सुधारला, हँडिकॅप दोनवरून शून्यावर आला. एप्रिलमध्ये खांदा दुखत होता, ते लिहिलंय. आईशी भांडलो ते लिहिलंय. नववा रकाना पात्रता फेरीचा. शेवटच्या दिवशी शेवटच्या ग्रीनवर पाच फुटांचा पट होता, चेंडू नुसता हलक्या हाताने भोकात ढकलायचा, तो गेला असता तर मी आत होतो. उजव्या काठावरून बाहेर आला. बस्स, तेवढंच झालं. सगळ्यांची वाट लागते तशी माझी लागली.

पुढच्या नवांत पहिलंच, डिसेंबर २०२५ला परत पात्रता फेरी. बाकीचं तुम्ही वाचाच.

एक विचारायचं होतं. तुमची वही पहिल्यापासून वाचतोय. अक्षर काय झकास आहे मामा. प्रत्येक नियमाखाली तुम्ही शेडमधलं उदाहरण दिलंय, कोणाचा चेंडू कधी कुठे गेला. पण अठराव्या नियमाचं पान कोरं आहे. वर नुसता मथळा, "थांबलेला चेंडू हलला तर". पुढे एकोणिसावा नियम नीट सुरू होतो. हा एवढा एकच राहून गेला की काय?

आईने नमस्कार सांगितलाय. चेतनाताईला सांगा, रविवारी येतो म्हणालो होतो पण जमेलसं वाटत नाही.

आकाश

---

मुलुंड (पूर्व),
२१ डिसेंबर २०२४

चि. आकाश,
जय भीम.

पाच फुटांचा पट. तुला हजार वेळा सांगितलं होतं की दमलेला माणूस शेवटच्या ग्रीनवर चेंडूकडे बघायच्या आधी भोकाकडे बघतो. मान वर आली असणार. मी तिथे असतो तर पाठीवर थाप मारली असती. आवाज नसला तरी थाप मारता येते.

आता रडत बसू नकोस. पुढच्या नवांत तू "पटिंग सुधारणे" असं लिहिलंयस. हे काय लिहिणं झालं? सुधारणे म्हणजे काय? रोज शंभर पट, पाच फुटांवरून, चारही बाजूंनी, असं लिही. "वाचन वाढवणे" हेही तसंच. कुठलं पुस्तक, कुठल्या महिन्यात, ते लिही. मी शाळा चौथीत सोडली आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन नियमांचं पुस्तक उतरवलं, ते वाचन वाढवणे म्हणून नाही. रोज एक पान म्हणून. कार्ड परत पाठवतोय, दुरुस्त कर, मग सही करीन.

त्या पानाचं विचारलंस. वेळ झाला नाही तेव्हा. राहून गेलं.

माझं कार्ड अजून भरलेलं नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय. आईशी भांडू नकोस. माझ्या ताईने तुला एकटीने वाढवलंय.

मामा

---

माहुल,
२७ डिसेंबर २०२४

मामा,

दुरुस्त केलेलं कार्ड पाठवत नाहीये. नवीन भरलंय. आधीच्या कार्डात नववा रकाना खोटा होता.

पट चुकला नव्हता. सरळ आत गेला. मान वर आली नाही, डोकं अजिबात हललं नाही. तुम्ही त्या पटावरून पानभर झापलंत, ते वाचताना मला शरम वाटली.

शॉट चौदाव्या होलवर गेला. चेंडू डावीकडच्या वाढलेल्या गवतात होता, त्याला लागून एक वाळकी काटकी. काटकी मी दोन बोटांनी उचलली आणि चेंडू हलला. अर्धा इंच, जास्त नाही. माझा मार्कर लुधियानाचा होता, तो चाळीस पावलं लांब स्वतःचा चेंडू शोधत होता. आजूबाजूला कोणी नाही. मी बघत उभा राहिलो. मग चेंडू परत जागेवर ठेवला, हात वर करून त्याला हाक मारली आणि सांगितलं, माझ्या नावावर एक जादा शॉट लिही. तो म्हणाला, पक्का? मी म्हटलं पक्का. चार होलनंतर एका शॉटने बाहेर पडलो.

तुम्हाला का नाही सांगितलं? आईला सांगितलं तर ती म्हणाली, कोणी बघितलं नव्हतं ना, मग कशाला तोंड उघडलंस. शेडमध्ये सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. आणि खरं सांगू का मामा, मला स्वतःलाच अजून पटलेलं नाही. रोज सकाळी दुसऱ्याची बॅग खांद्यावर घेतली की वाटतं, गप्प बसला असतास तर आज ही बॅग तुझी असती. तुम्ही शाबास म्हणाल की गाढव म्हणाल, तेच कळेना. म्हणून पटाचं लिहिलं.

तुमचं कोरं पान मी भरलंय. फोनवर नवीन नियम काढले, त्यांचे नंबर बदललेत पण गोष्ट तीच आहे. तुमच्यासारखं उदाहरण द्यायचं म्हणून माझंच दिलं, काटकीचं. खाली हेही लिहिलं की खोटं कार्ड देणारा बाद, आणि ठाऊक असून त्यावर सही करणारा मार्करही बाद. पानाची झेरॉक्स सोबत आहे, तपासून बघा, चुकलं असेल तर लाल पेनाने सांगा.

आणि कार्डावर सही करा. तुमची सही आली की मला पटेल, मी केलं ते बरोबर होतं. दुसऱ्या कोणाच्या सांगण्याने नाही पटणार.

आकाश

---

मुलुंड (पूर्व),
२ जानेवारी २०२५

चि. आकाश,

काल चेतना आणि जावई भीमा कोरेगावला गेले. मला चल म्हणत होते, मी अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं. कणकण नव्हती. घर रिकामं हवं होतं. दिवसभर बसून हे पत्र चार वेळा फाडलं, हे पाचवं आहे.

तुझ्या कार्डावर मी सही केलेली नाही. कार्डात काही चूक नाही. पान बरोबर भरलंयस, एक शब्द बदलायची गरज नाही. सही करायची माझी लायकी नाही, म्हणून केली नाही. का ते सांगतो.

डिसेंबर १९९७. कॅडी लोकांची वार्षिक स्पर्धा, सोमवारी, क्लब बंद असतो तेव्हा. त्या वर्षी क्लबने जाहीर केलं होतं, जो जिंकेल त्याला कोर्सच्या देखभालीत कायम नोकरी. आम्ही चाळीस जण उतरलो. तेव्हा मी एकोणचाळीसचा होतो, चेतना तिसरीत. शेवटच्या जोडीत मी आणि धोंडू. तू त्याला बघितलंयस, वाकोल्याचा, रत्नागिरीकडचा, पाठदुखीचा पट्टा बांधून यायचा तो. मी त्याचा स्कोअर लिहीत होतो, तो माझा. माझ्याहून चांगला खेळायचा. मला नियम जास्त यायचे, एवढंच.

सातव्या होलवर माझा चेंडू गुलमोहराखाली वाळलेल्या पानांत गेला. मी काठी चेंडूमागे टेकवली आणि पानं दबून चेंडू इंचभर घरंगळला. मी वर बघितलं. धोंडूची पाठ माझ्याकडे होती. मी चेंडू हळूच परत जागेवर सरकवला आणि शॉट मारला. त्याने विचारलं, किती? मी म्हटलं, चार.

पाच होते, आकाश.

शेवटी माझे शहात्तर झाले, त्याचे सत्त्याहत्तर. टेबलावर त्याने माझ्या कार्डावर सही केली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. मला नोकरी लागली. त्या नोकरीवर चेतना शिकली. माझा गळा कापला तोही त्याच नोकरीच्या दवाखान्याच्या कार्डावर. धोंडू पुढे पंधरा वर्षं बॅगा वाहत राहिला, पाठीचा मणका सरकला, मग एका सोसायटीत वॉचमन झाला.

त्या आठवड्यात मी वहीत अठराव्या नियमापर्यंत आलो होतो. मथळा लिहिला आणि पुढे हात चालेना. पुढच्या पानावर गेलो. वेळ झाला नाही म्हणून तुला मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं. दर वर्षी तुझ्याकडून कार्ड भरून घेतलं, एक गोष्ट, खरी, असं मीच सांगितलं, आणि माझ्या अठरा रकान्यांत हे कधी आलं नाही.

सोबत माझं या वर्षीचं कार्ड आहे. पहिल्या रकान्यात सत्त्याण्णव सालचं लिहिलंय, बाकीचे कोरे. आणि धोंडूला एक चिठ्ठी. पाकीट चिकटवलेलं नाही, तू वाच. त्यात एवढंच आहे: "धोंडू, सातव्या होलवर माझे पाच होते. चेंडू हलला होता. तुला चार सांगितले. या कार्डावर मार्कर म्हणून तुझी सही लागेल, करायची की नाही ते तू ठरव. खंडू." हे पोस्टाने पाठवणं बरं नाही. मी जायला हवं, पण त्याच्यासमोर बसून पाटीवर लिहीत बसायची मला लाज वाटते. वाकोल्याला जाशील का? मशिदीमागच्या चाळीत राहतो, कोणीही सांगेल.

तुला राग आला तर तो मला लिही, आईला सांगत बसू नकोस.

खंडू

---

माहुल,
७ जानेवारी २०२५

मामा,

दोन दिवस तुमचं पत्र खिशात घेऊन फिरलो. राग आला, खूप आला. मी माझा परवाना एका काटकीपायी सोडला तो तुमच्या वहीमुळे. चौदाव्या होलवर उभा होतो तेव्हा डोक्यात तुमचाच आवाज होता, जुना, ऑपरेशनच्या आधीचा. आणि तुम्ही स्वतः गप्प बसला होतात. वाटलं, वही नेऊन खाडीत टाकावी.

मग वाटलं, चेंडू हलल्यावर मीही बघत उभा राहिलो होतोच. किती वेळ उभा होतो ते मी तुम्हाला लिहिलं नाही. बराच वेळ उभा होतो. मागचा ग्रुप येताना दिसला नसता तर काय केलं असतं, मला माहीत नाही.

काल वाकोल्याला गेलो. धोंडूकाका खाटेवर बसले होते, कमरेला पट्टा. मला ओळखलं. म्हणाले, खंडूचो भाचो ना तू, बस. चिठ्ठी दिली. चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून पुन्हा वाचली. त्यांच्या मुलाने, नितेशने, चहा आणला. काका चहा प्यायले. माझ्या आईचं विचारलं, माहुलला पाणी येतं का विचारलं. कार्ड उशीखाली ठेवलं. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आले आणि म्हणाले, त्याका सांग, मी लिहीन. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

सोळा तारखेला मी पुण्याला जातोय, शर्मिष्ठा मॅडमची स्पर्धा आहे, त्यांची बॅग माझ्याकडे. दहा दिवस तिकडेच. पत्र पाठवायचं तर सोबतच्या पत्त्यावर पाठवा.

माझ्या कार्डाचं मी पुन्हा विचारत नाही. पण माझा मार्कर बदललेला नाही.

आकाश

---

वाकोला, सांताक्रूझ (पूर्व),
१२ जानेवारी २०२५

खंडू,

तुझी चिठ्ठी पोचली. लिहायची सवय नाही, नितेशला लिही म्हटलं असतं पण ही गोष्ट त्याच्या हाताने लिहून घ्यायची नाही. म्हणून जसं येतं तसं लिहितोय, हसू नको.

मी बघितलेलं.

माझी पाठ तुझ्याकडे होती ते खरं, पण पानांचा आवाज झाला तशी मी मान वळवली. तुझा चेंडू अजून डुलत होता. तू वर बघायच्या आत मी तोंड फिरवलं. का फिरवलं? मला वाटलं, हा खंडू, ह्याने आपल्याला नियम शिकवले, हा सांगेलच. मी किती विचारलं तेव्हा वाटलं आता सांगेल. अठराव्यावर वाटलं. टेबलावर पेन माझ्या हातात दिलंस तेव्हा मला वाटलं आता तरी. नाही बोललास. मी सही करून टाकली.

तेव्हाच ओरडलो का नाही, हे तू विचारशील. आठव ते वर्ष. शेडमध्ये आधीच दोन बाजू पडलेल्या, तुमचे लोक एका बाकावर, आमचे दुसऱ्या. जुलैत तुमच्या वस्तीवर गोळीबार झाला तेव्हापासून कोणी कोणाच्या डब्यात हात घालत नव्हतं. आपण दोघंच एकत्र जेवायचो. मी बोट दाखवलं असतं तर ते चेंडूकडे कोणी बघितलंच नसतं, तुझ्या-माझ्या जातीकडे गेलं असतं. मारामाऱ्या झाल्या असत्या. म्हणून गप्प बसलो. आणि दुसरं पण सांगतो. मला ते तुझ्या तोंडून हवं होतं. मेल्या, सत्तावीस वर्षं वाट बघितली. तुझं तोंड गेलं तेव्हा मी हॉस्पिटलात बघायला आलो होतो, तू डोळे मिटून पडलेलास. झोपलेला नव्हतास, माहीत आहे मला. तेव्हा ठरवलं, आता हे संपलं, ह्याच्याकडून काही येत नाही.

माफ केलं असं मी लिहिणार नाही. मणका माझा गेला, बॅगा मी वाहिल्या. नितेशला बारावीनंतर शिकवता आलं नाही, ते मी विसरणार नाही. काय ते समजून घे.

पण तुझ्या भाच्याने त्या पानाची झेरॉक्स माझ्याकडे ठेवलीन, म्हणाला काका वाचा. त्यात शेवटी लिहिलंय, ठाऊक असून खोट्या कार्डावर सही करणारा मार्कर पण बाद. हे मला तेव्हा पण ठाऊक होतं. म्हणजे तू बाद, मी पण बाद. सत्तावीस वर्षं मी एकटाच चांगला माणूस म्हणून खाटेवर बसलेलो.

आता असं बघ. तुझे पाच धरले तर तुझे सत्त्याहत्तर, माझे सत्त्याहत्तर. बरोबरी झाली. बरोबरी झाली तर एक जादा होल खेळायचा असतो. तो बाकी आहे. राजेश आता कॅडी-मास्तर आहे, त्याला नितेशने विचारलंय. वीस तारखेच्या सोमवारी तो आपल्याला तिसरा होल देतो, छोटावाला. तुला आवाज नाय, माझ्या पाठीक वाकूक जमत नाय. कसं का असेना.

एक अट. मला सोडून दिलेला होल नको. तू दया करून चुकलास तर मला कळेल, मी तुझा खेळ वीस वर्षं बघितलाय. तसं केलंस तर दुसऱ्यांदा चोरलंस असं समजेन आणि कार्ड फाडून टाकीन. खरा खेळणार असलास तर ये.

धोंडू

---

मुलुंड (पूर्व),
२१ जानेवारी २०२५

चि. आकाश,
जय भीम.

काल गेलो होतो. चेतना रिक्षाने घेऊन आली आणि लांब झाडाखाली बसली. तिला मी रविवारी सगळं वाचायला दिलं होतं. वाचून ती स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ भांडी घासत होती, मग येऊन म्हणाली, चल, मी येते.

धोंडू आधीच पहिला फटका मारायच्या जागी, टीवर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी हात जोडले. त्याने काठी दाखवली आणि म्हणाला, मार आधी.

दीडशे यार्डांचा होल, तुला माहीतच आहे. पूर्वी आम्ही तो नऊ नंबरच्या काठीने मारायचो. माझा चेंडू ग्रीनच्या अलीकडे पडला. धोंडू सरळ उभा राहून नुसत्या हातांनी मारतो आता, तरी चेंडू सरळ गेला, माझ्या थोडा मागे. नितेश त्याचा चेंडू टीवर ठेवायला आणि भोकातून काढायला. दुसऱ्या शॉटला दोघेही ग्रीनवर. तो दहा फुटांवर, मी चार फुटांवर.

त्याने आधी पट केला. वाकून रेघ बघता येत नाही, उभ्यानेच अंदाज घेतला. भोकापासून वीतभर आधी थांबला. तिथून त्याचे चार झाले.

माझा गेला तर तीन, आणि जिंकलो. चुकला तर बरोबरी, पुढे आणखी एक होल, आणि दुसरा होल खेळायला त्याच्या पाठीत त्राण नव्हतं, ते मला दिसत होतं. म्हणजे चुकलो असतो तर बरोबरीवरच हात मिळवून सगळं संपलं असतं, कोणीच हरलं नसतं. आकाश, मी पंचवीस वर्षं लोकांना पट वाचून दिलेत, चेंडू कुठे वळेल ते सांगत. चार फुटांचा पट असा चुकवता येतो की साक्षात ती ग्रीन बनवणाऱ्यालाही कळणार नाही. माझ्या हातांना तो चुकवायचा होता. त्या ग्रीनवर सगळं खाडीच्या बाजूला ओढतं, मी रेघ धरायची तिथे धरलीच नव्हती.

धोंडू म्हणाला, खंडू, नीट वाच रे.

मी मागे आलो. खाली बसलो. परत वाचलं. नेम डाव्या काठाबाहेर दोन बोटं. उठलो आणि मारला. आत गेला.

नितेशने चेंडू काढून माझ्या हातात दिला. धोंडूने खिशातून माझं कार्ड काढलं, सातव्या होलसमोर पाच लिहिले, खाली सत्त्याहत्तर, त्याखाली जादा होल, तीन-चार. सही केली. कार्ड देताना म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी खरं बोलला असतास तरी तूच जिंकला असतास, मेल्या." टोपी काढून तोंड पुसलं.

मला तर काही बोलताच येत नाही. त्याचा हात धरला. हात त्याने काढून घेतला नाही. मग चौघांनी शेडमध्ये चहा घेतला, आणि जुन्या आपल्या बाकावर बसलो. जाताना त्याने चेतनाला विचारलं, हा काय काय खातो, तिखट चालतं का.

रात्रभर पडून विचार केला नाही, झोप लागली. सकाळी उठून मात्र एक गोष्ट जाणवली आणि मी बसूनच राहिलो. एका होलने सत्त्याण्णव सालचं काही ठरत नाही, धोंडू म्हणाला तरी. कदाचित तेव्हा त्याने जिंकलंच असतं. ते आता कोणालाच कळणार नाही. ही माझी चोरी, नोकरीपेक्षा मोठी. ते मी दुसऱ्या रकान्यात लिहिलं.

बाकीचे रकाने भरतोय. दर सोमवारी वाकोला, हा दहावा. नितेशसाठी राजेशकडे शब्द टाकणं, तोही लिहिलाय. वहीची झेरॉक्स काढून शेडमध्ये ठेवायची, तुझ्या पानासकट, खाली तुझं नाव घालून.

तुझं कार्ड सोबत आहे. चौदाव्या होलवर तू किती वेळ उभा होतास ते मी विचारणार नाही. मी सत्तावीस वर्षं उभा होतो. मार्करची सही केली आहे, तारखेसह, बघून घे. पुण्याहून आलास की रोज शंभर पट सुरू कर, पट चांगला असला तरी. डिसेंबर लांब नाही.

तुझा मार्कर,
खंडूमामा